मोघे काकांचा सातवा धडा

अन्याय झाला कोरियाच्या लोकांवर, १७ नोव्हेंबर १९०५ रोजी. रशियाला नुकतंच हरवलेल्या जपाननं त्या दिवशी सैनिकांच्या पहाऱ्यात तह लादला आणि कोरिया मुठीत घेतला. ही तारीख मला अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मोघे काकांनी पहिल्याच भेटीत सांगितली, माझं नाव विचारायच्याही आधी.

काका आमच्या रविवारच्या मराठी शाळेत इतिहास शिकवत. पुस्तकातला सातवा धडा त्यांनीच लिहिलेला: जपाननं रशियाला लोळवलं, गोऱ्यांना हरवता येतं हे आशियाला कळलं, हिंदुस्थानातही उत्साह संचारला. सगळं खरं. मुलं दरवर्षी टाळ्या वाजवत.

मग, माझी त्यांची भेट व्हायच्या आधी, एका संक्रांतीला काका शेजारच्या कोरियन आजींकडे तिळगूळ घेऊन गेले आणि भरात म्हणाले, "त्या युद्धात आपण आशियाई जिंकलो!"

आजींनी वडी खाली ठेवली. "आम्ही नाही जिंकलो. पाच वर्षांत आमचा देश गेला. माझ्या वडिलांना पुढे जपानी नाव घ्यावं लागलं."

पुढच्या रविवारी काकांनी वर्गाची माफी मागितली. एका मुलीनं विचारलं, "काका, मग गुड गाईज कोण होते?"

"दोन दरोडेखोर तिसऱ्याच्या घरात भांडले, बाळा. जिंकला तो तिथेच राहिला."

धड्यात कोरियाबद्दल एक वाक्य घाला, एवढंच काका शाळेच्या समितीला सांगत होते. समिती म्हणाली, "काका, प्राइडचा धडा आहे, मुलांना कशाला डिप्रेस करायचं?" पुढच्या वर्षी, "प्रिंटला गेलं हो." त्याच्या पुढच्या वर्षी मीटिंगच कॅन्सल केली. काका ते वाक्य लिहिलेला तोच कागद घडी घालून खिशात ठेवत. मी चिडून पत्रक काढलं. ते वाचून काका म्हणाले, "फार ओरडतेस गं. इंग्रजानं आपल्याबद्दल असं अर्धं लिहिलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, एवढंच विचार त्यांना."

विचारलं. समितीनं पुढचा विषय घेतला. मार्चमध्ये काका गेले. शोकसभेत समितीनं त्यांच्या इतिहासप्रेमाचं तोंडभर कौतुक केलं, आणि नवी पुस्तकं वाटली. सातवा धडा जसाच्या तसा.

मला आता पत्रकं काढायचा कंटाळा आलाय. पालकांनो, पुस्तक तुमच्या घरात आहे, मुलाच्या दप्तरात. ते काढा. सातव्या धड्याखाली पेननं काकांचं वाक्य लिहा: 'या विजयानंतर जपाननं कोरिया गिळला.' मुलाला शेजारी बसवून, मोठ्यानं वाचून, आजच लिहा.