सीटखालची टाकी

राजेश्वरच्या फाट्यावर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून, भीमराज मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. शेड त्याची, जागा श्रीपतरावांची. गावात सर्वांत मोठी शेती आणि अडत दुकान असलेल्या श्रीपतरावांनी ती जागा तोंडी दिली होती, आणि तोंडानेच काढून घेता येईल हे दोघांनाही ठाऊक होते. भीमराजच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून घरातले मेलेली जनावरे ओढायचे काम सुटले. मुलगा उदगीरला जाऊन डिझेल इंजिनांचे काम शिकून आला. ट्रकवाले त्याला मिस्त्री म्हणत. गावातले लोक भीम्या म्हणत.

श्रीपतरावांच्या जुन्या डिझेल जीपचे सगळे काम त्याच्याकडेच असे. त्याची एक रीत ठरून गेली होती. भीमराजने इंजिनात हात घालायचा, जीपखाली आडवे पडायचे. आत मात्र बसायचे नाही. पुढच्या सीटवर मैलारच्या मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा लावलेली घोंगडी अंथरलेली असे. चावी फिरवायला, ॲक्सिलेटर दाबायला श्रीपतरावांचा सालगडी राघोबा आत बसे. भीमराज बाहेरून सांगे, "दाब," "सोड," आणि राघोबा तसे करी.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात जीप बिघडली. पळताना ठीक, उभी केली की अंगात आल्यासारखी हलायची. कधी इंजिनाचा आवाज आपोआप चढे, कधी इतका उतरे की बंदच पडे. चार दिवसांवर श्रीपतरावांच्या मुलीचे लग्न होते आणि नवरदेव याच जीपमधून यायचा होता.

"वरातीत बंद पडली तर तुझी शेड ऱ्हात न्हाई बघ," श्रीपतराव म्हणाले. आवाज चढवला नाही. समोर चहाच्या टपरीवर बसलेल्यांना ऐकू जाईल इतपतच बोलले.

भीमराजने राघोबाला इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. ज्या नळीने आवाजात फरक पडणार नाही, ते नोझल मेलेले. पण चारही वेळा इंजिन अडखळले. म्हणजे चारही नोझल कामावर होती. मग त्याने फिल्टरवरचा स्क्रू उघडला. डिझेलमधून बुडबुडे आले. पंप मारून हवा काढली तसे इंजिन शांत झाले, आणि एक चहा होईपर्यंत पुन्हा थरथरू लागले.

"मिस्त्री, गाडीला थंडी वाजायलीय. कांबळं टाक," टपरीवाला बंडेप्पा म्हणाला. लोक हसले.

हवा कुठून तरी आत शिरत होती. जिथून इंजिन डिझेल ओढते तिथे बारीक फट असली, तर थेंबही बाहेर गळत नाही, नुसती हवा आत जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. भीमराजने पंपाची नळी सोडवली आणि डिझेलने भरलेल्या डब्यात बुडवून डबा बॉनेटला टांगला. हवा काढली. इंजिन एका सुरात चालू लागले, आणि तसेच चालत राहिले. म्हणजे इंजिन निर्दोष होते, पंपही. खोट टाकी आणि पंप यांच्यामध्ये होती. त्याने ती सगळी नळी नवी घातली. थरथर गेली नाही. आता एकच जागा उरली, टाकीवरचा नळीचा सांधा. आणि या जीपची टाकी पुढच्या सीटखाली होती.

"अप्पा, सीट काढावी लागतीय," भीमराज म्हणाला. "तुमी काढून द्या. न्हाईतर राघोबाला सांगा."

श्रीपतरावांनी टपरीकडे बघितले. "मिस्त्री तू का मी?"

"मी. म्हणून तर सांगायलोय."

"दोन दिस झाले, शेवटी घोडं सीटपाशीच आलं तुझं. बसायची हौस हाय म्हन की."

भीमराज राघोबाकडे वळला. "तू उचल रे. मी नट तेवढा आवळतो."

"मालक सांगतील तवा," राघोबा म्हणाला आणि विडी पेटवली.

श्रीपतराव जेवायला घरी गेले. जाताना म्हणाले, "आल्यावर गाडी चालू पायजे."

भीमराजने हात पुसले, घोंगडीची घडी करून बॉनेटवर ठेवली आणि सीट उचलली. टपरीवरची माणसे वळून बघू लागली.

टाकीच्या वरच्या खोलगट पत्र्यावर पाणी साचून वाळल्याचे डाग होते. त्यात हळदीचा आणि गोमूत्राचा पिवळा थर. सांध्याचा नट गंजला होता आणि खालचा वायसर खाल्ला गेला होता. हे पाणी कधीचे ते भीमराजला लगेच कळले. जानेवारीत मंडल पंचायतीच्या निवडणुकीत श्रीपतरावांनी स्वतः जीप चालवत भीमराजच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या मतदानाला नेल्या होत्या. त्यात भीमराजची आई भागाबाई होती, पुढच्या सीटवर. "माय, सावकाश चढ," असे श्रीपतराव तिला म्हणाले होते. संध्याकाळी जीप आतून धुतली गेली.

त्याने गंज खरवडला, नवा तांब्याचा वायसर घातला, नट आवळला, सीट जागेवर बसवली, घोंगडी होती तशी अंथरली. हवा काढून राघोबाला इंजिन चालू करायला सांगितले. बॉनेटवर ठेवलेला पाना जागचा हलला नाही.

श्रीपतराव आले. कान देऊन ऐकले. "झाक वाजायलंय. सीट कुणी काढली?"

"मी," भीमराज म्हणाला.

"राघोबा, घागर आण."

"अप्पा, पाणी ओतू नका. खाली टाकी हाय. झाकणाला हवेचं छिद्र ऱ्हातंय, त्यातून आत जाईल. बिघाडच मुळी धुतल्यामुळं झालाय."

"आमच्या धुण्यानं बिघडली, आन् तुझ्या शिवण्यानं सुधारली, असं का?"

बंडेप्पा मोठ्याने हसला. राघोबाने घागर सीटवर उपडी केली. श्रीपतरावांनी दुसरी मागवली. चालू इंजिन ती घागर संपल्यावरही चांगले वाजत होते, आणि श्रीपतराव भीमराजकडे बघत होते. मग इंजिन खोकले, थरथरले आणि बंद पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघोबा शेडवर आला. "मालक म्हणायलेत, टाकी साफ करून दे. सीट आमी काढून ठिवलीय."

"शेडचं काय म्हणाले?"

"गाडी नीट झाली तर कशापायी काढतील."

भीमराजने टाकी उतरवली, पाणी काढले, फिल्टर बदलला, नळ्या फुंकून घेतल्या. लग्नाच्या दिवशी जीप वेशीत, पारापाशी, मांडवापुढे उभी राहिली आणि कुठेही अडखळली नाही. भीमराज मांडवात नव्हता. लांबून इंजिनाचा आवाज ऐकून तो घरी गेला.

लग्नाचा मांडव उतरला त्याच दिवशी माणसे शेडचे पत्रे काढायला आली. श्रीपतराव जीप घेऊन आले होते.

"अप्पा, गाडी चालली की," भीमराज म्हणाला.

"चालली. पर सीटला हात लावायचं कुठं ठरलं होतं?"

पत्रे काढणाऱ्यांत बंडेप्पाही होता. त्याच्या विहिरीवरचे इंजिन भीमराजनेच गेल्या महिन्यात दुरुस्त करून दिले होते. तो म्हणाला, "तुझे पाने तेवढे उचल रे, पत्रा पडंल."

भीमराजने पाने पोत्यात भरले. पत्रे जीपच्या मागे रचले जात होते. श्रीपतरावांनी इंजिन बंद केले नव्हते. पोते खांद्यावर घेताना भीमराज सवयीने थांबला आणि त्याने कान दिला. आवाज एका सुरात होता. त्यात काही खोट नव्हती.