शिट्टी गेलेलं इंजिन

रेल्वेगाड्या बोलतात ही कल्पना मला आधी मुळीच मानवली नव्हती. माझी पाच वर्षांची लेक संध्याकाळ झाली की टीव्हीपुढं बसायची आणि त्या कार्टूनमधली नाकडोळे असलेली इंजिनं भांडायची, रुसायची, गाणी म्हणायची. मी भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "बंद कर की गं ते! घरात बोलायला माणसं कमी हाईत व्हय?"

माणसं कमी नव्हतीच. कमी झाला होता तो एकच आवाज, माझ्या सासऱ्यांचा, आबांचा. आणि केवढा आवाज तो! गोठ्यातनं हाक मारली की चौकातला दूध न्यायला येणारा माणूस पाय उचलायचा. त्यांना लकवा मारला. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण वाचा काही उघडेना. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम घरी यायच्या. त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "शब्द आत आहेत. पण ओढून बाहेर त्यांनीच काढायला हवेत. आता प्रयत्न सोडला, तर पुढं अवघड आहे."

आणि आबांनी तो जवळजवळ सोडलाच होता. कारण काय, तर आमची माया! आमच्याकडं आजारी माणसाला बघायला एकटं कोण येत नाही, जीप भरून येतात. कागलचे झाले की कुरुंदवाडचे. आबांनी तोंड उघडायचा अवकाश, एकजण म्हणणार, "पाणी पायजे त्यांस्नी." दुसरा, "न्हाय न्हाय, उशी सरळ करा." तिसरा उठून पंखा बंद करणार. आबा तोंड मिटून घ्यायचे. आणि आम्ही खूश! न बोलताच आम्हाला सगळं कळतंय म्हणून आमची छाती फुगलेली.

एके दिवशी मी आबांची खुर्ची टीव्हीपुढं सरकवली, ती फक्त फरशी पुसायची होती म्हणून. कार्टूनमध्ये एका पिवळ्या इंजिनाची शिट्टी बिघडली होती. कारखान्यात जाऊन दुरुस्त झाली, तरी आतनं नुसती वाफ यायची, फुस्स. मग बाकीची इंजिनं मोठ्या प्रेमानं प्रत्येक फाटकाला त्याच्या वाटची शिट्टी वाजवायची. होता होता पिवळ्यानं वाजवून बघायचंच सोडलं. शेवटी एक म्हातारा मालडबा सगळ्यांवर खेकसला, "गप्प उभे राहा. त्याला वेळ लागू दे." सगळी इंजिनं आपापल्या गाड्या थांबवून उभी राहिली. फुस्स, पुन्हा फुस्स, आणि मग बारीकशी शिट्टी. लेकीनं टाळ्या पिटल्या. आबा डाव्या हातानं डोळे पुसत होते. मला वाटलं, फिनेलचा वास झोंबला असेल. डोकं कुठं असतं आपलं, कुणास ठाऊक.

रविवारी कोडोलीचे पावणे आले. माझ्या नणंदेचे सासरे, आबांचे जुने सोबती. आबांचा डोळा लागला होता, म्हणून पावण्यांना आधी जेवायला वाढलं. मटणावर चांगला हात मारून पावणे निघाले, तेवढ्यात आबा जागे झाले. पावण्यांच्या पायात चप्पल बघून त्यांचे ओठ हलले. झालं! "जपून जावा म्हणत्यात." "छे, लेकीला पाठवून द्या म्हणत्यात." "टोपी मागत्यात वो!"

"गप बसा की सगळी!" लेक एवढ्या जोरात किंचाळली की दारातलं मांजर पळालं. "आबांची शिट्टी तुम्हीच वाजवताय! त्यांना वाजवू दे की!"

थोरांना असं बोलली म्हणून मी हात उगारला होता. पण आबांनी तिच्याकडं असं बघितलं, की माझा हात खाली आला. आमच्या घरात एवढी शांतता मी लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती. शेजारच्या मिक्सरचा आवाज तेवढा येत होता. आबांच्या गळ्याची शीर ताठ झाली. नुसता वारा आला. पुन्हा वारा. मी पदर तोंडात धरला होता, शब्द माझ्याच तोंडातनं निसटेल म्हणून.

"जे... जे... जेवून... जावा."

ते कार्टून कुणी लिहिलं, कुठल्या देशात लिहिलं, मला माहीत नाही. त्याला आमचं घर स्वप्नातसुद्धा दिसलं नसेल. पण त्याचं भलं होवो, त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो, असं मी आजही दिवा लावताना म्हणते. आता आबा वाक्यं बोलतात, अडखळत का होईना. माझ्या भाकरीला नावंसुद्धा ठेवतात, आणि मी ती आनंदानं ऐकून घेते.

त्या दिवशी पावणे उंबऱ्यात उभे होते, पोट तुडुंब भरलेलं. कुणीतरी सांगायला गेलं, "आबा, त्यांचं जेवण—"

पावण्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. चप्पल काढली, हात धुतले, आबांच्या खुर्चीसमोर मांडी घातली.

"वाढ गं पोरी," ते म्हणाले. "लई भूक लागलीया."