गुडघ्यांचं औषध

धुरपदाअक्का कुठेही बसली की सगळ्यांच्या शेवटी उठायची. भजन संपलं, प्रसाद वाटून झाला, बायका लेकरं काखोटीला मारून निघाल्या, तरी ही आपली भिंतीला टेकून बसलेली. कोणी म्हणालं, "चला ना अक्का," तर म्हणायची, "व्हा पुढे. मना गुडघा दुखतस." मग अंगण रिकामं झालं की भिंत धरून उठायची, उठल्याबरोबर मागे हात नेऊन लुगडं चाचपायची आणि बसलेल्या जागेवर एकदा नजर टाकायची. गल्लीत ही तिची सवय सगळ्यांना ठाऊक होती. तिचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं.

धरणगावच्या रस्त्यालगतच्या त्या गावात मी मुलींच्या शाळेवर होते, आणि माझी खोली तिच्या ओट्याला लागून होती. साल त्रेपन्न-चोपन्नचं असेल. अक्का तेव्हा साठीच्या पुढची. अंगाने काटक, कपाळावर मोठं कुंकू आणि जीभ तिखट. थोरली सून बेबाबाई ओसरीत भाकरी थापत असली की अक्का तव्याकडे बघून म्हणायची, "बेबा, भाकर शे का शाळाना नकाशा?" बेबा खाली मान घालून हसायची. सासू बोलते त्याचं तिला काही वाटत नसे. सासू गप्प झाली की मात्र तिला भीती वाटायची.

आणि त्या वर्षी सासू गप्प झाली.

श्रावणात त्यांच्या घरी कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, बसायची. घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू घ्यायचे, निवडायचे, घरच्याच जात्यावर दळायचे आणि त्याचे पुरणाचे रोट खापरावर भाजायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. अक्काच्या घरची रीत आणखी कडक होती. रोटांना घरातली एकच बाई बसायची, आणि एकदा बसली की शेवटचा रोट उतरेपर्यंत उठायची नाही, पाणीसुद्धा प्यायची नाही. सासू गेल्यापासून त्या पाटावर अक्काच बसत आली होती. तिचा रोट ताटाएवढा आणि कडेपर्यंत सारखा. भाऊबंदांत भांडणं पुष्कळ, पण अक्काच्या हातच्या रोटाबद्दल दुमत नव्हतं.

त्या आषाढात गहू निवडायला काढले तेव्हा ती सुनेला म्हणाली, "औंदा रोटले तू बसजो. माले जमाव नही."

बेबाच्या हातातलं सूप थांबलं. "मनं काय चुकनं, अक्का?"

"काही नही. मना गुडघा दुखतस."

गुडघे दुखतात म्हणून कानबाईचा पाट कोणी सोडत नाही, एवढं बेबाला कळत होतं. शिवाय तिच्या मनात आधीपासून एक सल होता. वर्षभर अक्का आपलं लुगडं आपणच धुवत होती. पहाटे, कोणी उठायच्या आत. बेबा पुढे झाली तर तिच्या हातातून ओढून घ्यायची. बेबाला वाटायचं, माझ्या हाताचा विटाळ मानते. कारण गेल्या भादव्यात बेबाचा तान्हा अभिमन गेला होता. जुलाब लागले आणि दोन दिवसांत गेला. पोर गेलेली सून म्हणून सासूने आपल्याला लांब केलं, असं तिने धरलं. चुलतसासू भिकुबाईने त्यात भर घातली. विहिरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सासूनी काहीतरी दखं व्हई, त्याशिवाय रोट सोडस का?"

खरी गोष्ट निराळीच होती. धाकटा मगन झाला तेव्हापासून अक्काचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. बाळंतपण होऊन आठवडाही झाला नव्हता आणि ती कापूस वेचायला गेली होती. तेव्हा थोडंसं होतं, वयाबरोबर वाढलं. आता खोकला आला, शिंक आली, घागर उचलली की लुगडं ओलं व्हायचं. आत कापडाची घडी धरून ती वावरायची. वास येईल या धास्तीने दुसऱ्याच्या गोधडीवर बसायची नाही, दगडावर बसायची. आणि एक उपाय तिने स्वतःच शोधला होता: पाणी प्यायचं नाही. सकाळी घोटभर, जेवताना घोटभर. जे आत जाणारच नाही ते बाहेर काय येणार, असा तिचा सरळ हिशोब.

त्याने उलट झालं. लघवीला आग होऊ लागली, पोट साफ होईना, कुंथलं की अंग आणखी खाली यायचं. शेवटी एकदा ती बाजाराच्या गावी सरकारी दवाखान्यात गेली. नवरा शालिग्रामनाना सोबत होता. दवाखान्याच्या खोलीत एका बाजूला डॉक्टरांचं टेबल आणि दुसऱ्या बाजूला बाकावर सगळे रोगी. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण त्यांना म्हाताऱ्या माणसांशी मोठ्याने बोलायची सवय होती. सगळ्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत, आणि म्हाताऱ्या बायकांना विचारायचे प्रश्नही त्यांचे ठरलेले.

"आजी, काय होतंय? लघवी आवरत नाही का? कपड्यात होते का?"

बाकावर तिच्या माहेरचा वना बसला होता. त्याच्या शेजारी गावचा न्हावी. नाना तर मागेच उभे.

"नही, नही," अक्का म्हणाली. "मना गुडघा दुखतस."

डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, चोळायचं औषध दिलं. ते उग्र वासाचं औषध अक्का रोज संध्याकाळी ओट्यावर बसून चोळायची. नाना कौतुकाने विचारायचे, "फरक शे ना?" आणि ती म्हणायची, "शे ना." दुसऱ्या वासावर त्याचा वास बसायचा, म्हणून तिने ती बाटली पुन्हा पुन्हा भरून आणवली. गुडघे तिचे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

आषाढाच्या शेवटी, गहू निवडता निवडता दुपारी ती सुपावरच कलंडली. अंग तापलेलं, ओठ फुटलेले, बोलणं भलतंच. बेबाला ती आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली आणि शेतात पाणी सोडलंय, बंद करा, असं सारखं सांगू लागली. तोतारामने, म्हणजे थोरल्या मुलाने, गाडी जुंपली. भिकुबाई म्हणाली, बाहेरचं काही लागलंय, आधी उतारा करा. तोताराम कधी कोणाला उलटून बोलत नसे. तो एवढंच म्हणाला, "उतारा तुम्ही करा. मी मायले दवाखानामा लई जास."

दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. "लघवी कधी झाली होती?" त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं. त्या भ्रमातही अक्काच्या कानात तो प्रश्न शिरला. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "मना गुडघा."

डॉक्टरांनी सोबत आलेल्या बेबाला सांगितलं, पडद्याआड नेऊन कपडे बदला. बेबाने लुगडं सोडलं आणि तिला ती घडी दिसली. ओली, जाड, दोरीने कमरेला बांधलेली. मग त्याखालचं दिसलं. घासून लाल झालेलं, जखम झालेलं. पहाटेचं धुणं कशासाठी होतं, हे तिला त्या पडद्याआड उभ्या उभ्या कळलं. वर्षभर आपण या बाईबद्दल मनात काय काय बोललो, तेही आठवलं. पुढे मला हे सांगताना ती म्हणाली होती, "बाई, माले त्या टाइमले तिना तोंडकडे दखता ये ना."

तिने घडी पदराखाली घेतली, बाहेर आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, बठ्ठास्ले बाहेर काढा."

"काय झालं?"

"बठ्ठास्ले काढा. मंग सांगस."

 डॉक्टरांनी बाकावरच्या सगळ्यांना व्हरांड्यात पाठवलं, कंपाउंडरलाही. तोताराम आपणहून गेला. बेबाने हलक्या आवाजात सांगितलं. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांची नजर रिकाम्या बाकाकडे गेली. याच खोलीत, याच बाकासमोर आपण या बाईला काय विचारलं होतं ते त्यांना आठवलं असावं. त्यांचे कान लाल झाले, असं बेबा सांगायची. पुढचं सगळं ते खाली वाकून, अक्काच्या कानाशी बोलले. तिला व्यवस्थित ऐकू येत होतं.

लघवीच्या मार्गात दाह झाला होता, अंगातलं पाणी आटलं होतं. म्हाताऱ्या माणसाला हे झालं की बरेचदा आधी डोकं भरकटतं, भुताखेताचं काही नाही, असं त्यांनी तोतारामला समजावलं. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या, वाटीवाटीने पाणी पाजायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी अक्का शुद्धीवर आली. उशाशी बसलेल्या बेबाच्या अंगावरून तिची नजर खिडकीकडे गेली. खिडकीच्या गजावर तिच्या कापडाच्या घड्या धुऊन वाळत घातल्या होत्या. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाजाराच्या दिवशी जळगावहून एक लेडी डॉक्टर तिथे येत असत. त्यांनी दार लावून घेऊन तपासलं.

"किती वर्षं झाली याला?"

"मगन व्हयना तधळपाईन."

"मगन केवढा आहे?"

"त्याले दोन पोरं शेतस."

"इतकी वर्षं कोणालाच सांगितलं नाही?"

"कोणले सांगू? मगनना बापले? त्यास्ले बैलनं दुखनं समजस."

लेडी डॉक्टर हसल्या. हात धुता धुता म्हणाल्या, आजच्या बाजारात तुमच्यासारख्या आणखी पुष्कळ बायका भाजी घेत असतील. अक्काला ते खरं वाटलं नाही. जखम भरल्यावर पुढच्या फेरीला त्यांनी एक रबरी कडं आत बसवलं, त्याने अंग वर राहतं. ते काढून साफ करायला दर थोड्या महिन्यांनी यायचं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, तुंबेपर्यंत थांबायचं नाही, लघवी लागली नसली तरी ठरल्या वेळी जाऊन यायचं. पोट साफ ठेवायचं. जड घागर उचलायची नाही. थोडं गळेल अजून, त्या म्हणाल्या, पण असं होणार नाही.

अक्काने सगळं ऐकलं आणि विचारलं, "बाई, हाई आंगमा ऱ्हाईसन देवना रोट करता येतस का?"

"ते मला कसं सांगता येईल, आजी? ते तुमच्या घरात विचारा."

घरात विचारायचं म्हणजे कोणाला, तर घरात मोठी तीच. कानबाई चार दिवसांवर आली तेव्हा बेबाने पाट धुऊन तिच्यापुढे आणून ठेवला. "बसा अक्का. आते बरं शे ना तुम्हले."

अक्काने पाट पायाने नव्हे, हाताने हळूच बाजूला सारला. मग ती बोलली. गेल्या श्रावणात रोट करता करता तिला आवरलं नव्हतं. पाटावरच लुगडं ओलं झालं. रीतीप्रमाणे उठता येत नव्हतं, आणि उठली असती तर सगळ्या जावांना दिसलं असतं. म्हणून ती तशीच बसून राहिली, तसेच रोट केले, आणि भाऊबंदांनी ते खाल्ले. शेवटचा रोट खापरावर चिरला होता.

"मंग भादवामा आपला अभिमन गया," ती म्हणाली. "मी कोणले तोंड दखाडू? तुले काय सांगू?"

वर्षभर ही बाई आपल्याला टाळत होती ती विटाळाने नव्हे, तर पोर आपल्यामुळे गेलं या लाजेने, हे बेबाच्या ध्यानात आलं. ती बराच वेळ जमिनीवरचे गहू गोळा करत राहिली. सगळे गोळा झाले तरी तिचा हात फिरतच होता.

"पोर जुलाबघाई गयं," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरनी त्याच वखतले सांगं व्हतं." आणि मग, सासूकडे न बघता, "खोकला उना का मनंबी तसंच व्हस. अभिमन व्हयना तधळपाईन."

अक्काने मान वर केली.

"गावमा पोरं व्हयेल बाया रोटले बसाव नहीत, मंग बसी कोण? तुमना पोऱ्या बसी का चुल्हापुढे?"

तोताराम खापराशी बसलेला अक्काच्या डोळ्यांपुढे आला असावा. ती हसली नाही, पण तिचे आवळलेले ओठ सैल झाले. "त्याना हातना रोट बैलबी खावाव नही," ती म्हणाली.

त्या वर्षी कानबाईपुढे दोन पाट मांडले गेले. जावा कुजबुजल्या. बेबाने सांगितलं, अक्काला आजारातून उठल्यावर एकटीने झेपत नाही. खरी सोय वेगळी होती: दोघी बसल्या तर एकीला उठता येतं. बसण्याआधी अक्काने सगळ्यांसमोर तांब्या तोंडाला लावला आणि ती पाणी प्यायली. रोटांच्या दिवशी अक्काला पाणी पिताना कधी न पाहिलेल्या भिकुबाईचे डोळे मोठे झाले. बेबाने खाली बघून कणीक हातात घेतली.

चारसहा रोट झाले असतील. अक्काची परसात जायची वेळ झाली. ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. जावा समोर होत्या, चुलत्यांच्या सुना दारात होत्या, आणि सगळ्यांच्या आधी उठायचा प्रसंग तिच्यावर कित्येक वर्षांत आला नव्हता. बेबाने कोपराने तिला हलकेच ढोसलं. तेव्हा ती उठली. मागे हात नेऊन लुगडं चाचपलं, पाटाकडे पाहिलं. पाट कोरडा होता. ती परसात गेली, हातपाय धुऊन परत आली.

"काय वं," भिकुबाईने विचारलं, "रोट सोडीसन कोठे गयती?"

अक्काचा चेहरा कुंकवाच्या वर केसांपर्यंत लाल झाला. ती पाटावर बसली, बेबाच्या हातातला अर्धा झालेला रोट तिने आपल्या हातावर घेतला.

"गुडघा आखडी गयतात वं," ती म्हणाली. "मोकळा करी उनू."

बेबाने मान वर केली नाही. तिने फक्त चुलीतलं लाकूड पुढे सारलं.