दादाने बसवलेला कूलर

गाडीच्या गिअरबॉक्सला बाहेरून वेगळा कूलर लावला तर फायदा होतो का, असं आजही कुणी मला विचारलं तर मी खरं तेच सांगते. होतो. तेल कमी तापतं, जास्त दिवस टिकतं. माझ्या गाडीचा कूलर शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालत होता. गाडी तेवढी मेली.

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय तेव्हापासून नुसता सोबतीला आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पहिलीपासून पाचवीपर्यंत शाळेत मला तोच न्यायचा, सायकलच्या दांडीवर बसवून, आणि शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत पाठीवर. हे मी कधी विसरले नाही, आणि विसरायचं म्हटलं असतं तरी कुणी विसरू दिलं नसतं. आमच्या नात्यात एक लग्न, एक बारसं असं झालं नाही की जिथे कुणीतरी ते काढलं नाही. ‘हिला यानं पाठीवर वाढवलं.’ मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी कृतज्ञ चेहरा करायचा. तो चेहरा मला इतका सवयीचा झाला होता की आरशात बघून करावा लागत नसे.

आजोबा अमरावतीकडून इथे जबलपूरला आले तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर पलीकडे गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. दादा फॅक्टरीत लागला, ट्रकांच्या इंजिनांवर फिटर म्हणून, आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला गेला. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून झाले. लग्न केलं नाही. आई असेपर्यंत आई आणि मी, नंतर मी एकटी, शहराच्या गढा भागातल्या त्याच खालच्या मजल्यावरच्या घरात.

कचेरीत जायला सायकलरिक्षा, नंतर ऑटो. बाकी कुठेही जायचं म्हणजे दादा. बँक, दवाखाना, कुणाकडे हळदीकुंकू, सगळीकडे त्याच्या स्कूटरवर मागे. तो कधी नाही म्हणाला नाही. पण कधी न्यायचं ते तो ठरवायचा, किती वेळ थांबायचं तेही तोच. समारंभात मी कुणाशी बोलायला लागले की दारातून आवाज यायचा, ‘चलो, निघू या.’ की मी निघायचे.

पंचेचाळिसाव्या वर्षी मी गाडी घेतली. जुनी, सेकंडहँड, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे मेहुणे बदली होऊन चालले होते, त्यांची होती. शिकायला मला दोन महिने लागले. लायसन्स हातात आलं त्या रविवारी मी एकटी भेडाघाटला गेले. धबधब्याच्या पायऱ्या मला जमत नाहीत, म्हणून गाडी संगमरवराच्या मूर्ती करणाऱ्यांच्या दुकानांपाशी लावली, काच खाली केली आणि दोन तास तिथेच बसले. छिन्नीचा आवाज ऐकला, भजी खाल्ली, आणि मला वाटलं तेव्हा परत फिरले. एवढंच केलं. त्या दिवशी मी किती सुखात होते ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, “सांगायचं ना. मी नेलं असतं.”

“मला जायचं होतं, दादा. न्यायला नको होतं कुणी.”

त्याला ते लागलं. मला दिसलं की लागलं. पण पुढचा रविवार मी पुन्हा भेडाघाटलाच घालवला, आणि त्याच्या पुढचाही. फॅक्टरी क्वार्टरकडे माझं जाणं कमी झालं, सणावारापुरतं उरलं.

पितृपक्षात एकदा गढ्याच्या बाजारात गाडी तासभर अडकली. ऊन असं की डोकं फिरावं, पुढे हातगाड्या, मागे ट्रॅक्टर. गाडी इंचाइंचानं सरकत होती आणि बॉनेटखालून करपल्यासारखा वास यायला लागला. मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, “दीदी, गिअरबॉक्स का तेल गरम हो रहा है। पुराना है, बदलवा लो, बस।” मी ते बदलून घेतलं असतं आणि विषय संपला असता. पण मूर्खपणा असा की मी हे दादाला फोनवर सांगितलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून सांगितलं.

तो एकदम ताजातवाना झाला. “तेल बदलून काय होते? उष्णता काढायला पाहिजे. आमच्या मोठ्या गाड्यांना ऑइल कूलर राहते. थांब, मी पाहतो.”

आमच्याकडे कूलर म्हटलं की वाळ्याच्या जाळीचा, खिडकीत घरघरणारा पत्र्याचा डबा. हा तसा नाही. वहीएवढी ॲल्युमिनियमची जाळी, त्यातून वळणावळणाची नळी. गिअरबॉक्सचं तेल त्या नळीतून फिरतं, समोरच्या वाऱ्यानं निवतं आणि परत जातं. दादानं नागपूरहून मागवला. नवरात्रात, शनिवारी, फॅक्टरीतल्या एका सहकाऱ्याला घेऊन तो माझ्या अंगणात आला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर नळ्यांची मापं लिहून घेतली. ही त्याची जन्माची सवय. रोज एक पान फाडायचं कॅलेंडर त्याच्याही घरी असतं, आणि बाजाराची यादी असो की पुस्तकातली खूण, सगळं त्या पानांवर.

दिवसभर तो गाडीखाली होता. काम सुबक केलं, हे मान्य केलंच पाहिजे. एक थेंब कुठे गळला नाही. नवं लाल तेल भरलं, मला एक चक्कर मारून आणायला लावली, आणि म्हणाला, उद्या सकाळी लेव्हल पाहू.

गाडीबरोबर मला तिचं पुस्तक मिळालं होतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं. दुसऱ्या कुणाचा आधार नसला की माणूस पुस्तक नीट वाचतो. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ह्या गिअरबॉक्सचं तेल गाडी चालवून गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून बघायचं. कारण इंजिन चालू असताना तेल आत वर खेचलेलं असतं. बंद केलं की ते खाली उतरतं आणि तेल मोजायच्या पट्टीवर उगाच जास्त दिसतं.

दादा आणि त्याचा सहकारी रविवारी सकाळी आले. रात्रभर थंड झालेली गाडी, इंजिन बंद. दादानं पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खुणेच्या बरंच वर.

मी म्हटलं, “दादा, पुस्तकात इंजिन चालू ठेवून बघायला सांगितलं आहे. गरम असताना.”

तो पट्टी हातात धरून हसला. मग सहकाऱ्याकडे बघून हिंदीत म्हणाला, “सुन लो, अब ये सिखाएगी।” आणि मला, “अगं, बत्तीस वर्षं मी तेल पाहून राहिलो. गाडी थंड, इंजिन बंद, जमीन सपाट. तेल असंच पाहतात. तू काहून घाबरून राहिली?”

इंजिनाचं तेल असंच बघतात. त्याची बत्तीस वर्षं खरीच होती, फक्त ती दुसऱ्या तेलाची होती. मला हे कळत होतं. पुस्तक आत टेबलावर होतं, दहा पावलांवर. मी ते आणलं नाही. सहकाऱ्यासमोर त्याला खोटं पाडायचं, ते सुद्धा मी, जिला त्यानं पाठीवर वाढवलं? मी कृतज्ञ चेहरा केला आणि चहा ठेवायला गेले. ह्यातला माझा वाटा एवढा आहे आणि तो मी लपवत नाही.

त्यानं सुई काढलेल्या जाड पिचकारीला बारीक नळी लावून ‘जास्तीचं’ तेल उपसलं आणि माझ्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलं. बाटली जवळजवळ भरली. “बघ, एवढं जास्त झालं होतं,” म्हणाला. दसऱ्याला त्यानं गाडीला झेंडूचा हार घातला.

भाऊबीजेला मी त्याच्याकडे ओवाळायला गेले तेव्हा त्यानं स्वतःहून विचारलं, “ते पुस्तक आहे काय गाडीत? ठेवून जा. पाहतो जरा.” मला फार बरं वाटलं. पुस्तक देऊन मी घरी आले.

थंडी पडली तसं गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी गिअर टाकला की ती क्षणभर जागेवरच राहायची आणि मग धक्का देऊन निघायची. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं. मी दादाला फोन केला. “थंडीनं होते,” तो म्हणाला. “कूलर लागला आहे ना, तेल जास्तच निवते. दोन मिनिटं उभी ठेव, मग काढ.” पटण्यासारखं होतं. मी रोज दोन मिनिटं उभी ठेवली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी भेडाघाटहून परतताना, मूर्तींच्या शेवटच्या दुकानापुढे गाडी थांबली. बंद पडली नाही. इंजिन चालू, गिअर टाकलेला, पाय दाबलेला, आणि चाकं हलेनात. मी दादाला नाही, मिस्त्रीला फोन केला. त्यानं ओढून नेली, उचलून बघितली.

“कूलर तो बढ़िया लगा है, दीदी,” तो म्हणाला. “लेकिन अंदर तेल ही कम है। सूखा घिसता रहा। किसने चेक किया था?”

मी म्हटलं, घरच्याच माणसानं.

त्या गिअरबॉक्सचे भाग आता कुठे मिळत नव्हते. मिस्त्रीनं पंधरा दिवस शोधलं, नागपूरला, इंदूरला विचारलं. मग गाडी सुट्या भागांसाठी विकत घेणारा एक माणूस मिळाला. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, “जुन्या गाडीत हेच राहते. ऑटोमॅटिक म्हणजे झंझट.” आणि त्याच दमात, “तू कशाला चिंता करते? मी आहे ना.”

रथसप्तमीच्या आधी वहिनीचं हळदीकुंकू होतं. दादा स्कूटरवर न्यायला आला. गाडी घेणाऱ्या माणसाला तिचं पुस्तक हवं होतं, म्हणून बायका गेल्यावर मी ते दादाच्या फळीवर शोधलं. सापडलं. त्यात खूण होती, कॅलेंडरचं पान. भाऊबीजेनंतरच्या चौथ्या दिवसाचं. पाठीवर दादाचं अक्षर: ‘गरम. इंजिन चालू. बाटलीतलं सगळं वापस टाकणे. कूलरसाठी वेगळं, अर्धा लिटर.’

मी ते दोनदा वाचलं. दिवाळी संपता संपता त्याला कळलेलं होतं. थंडीनं होते, असं त्यानं मला त्यानंतर सांगितलं होतं.

दादा समोर पलंगावर बसला होता. मी पान त्याच्या हातात दिलं. त्यानं बघितलं, उलटं केलं, तारखेकडे बघितलं. 

“टाकणारच होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, तू गाडी घेऊन आली की हळूच टाकून देऊ. तू आलीच नाही.”

“तू यायचं होतंस.”

“तू रविवारी घरी राहते काय? भेडाघाटला राहते.”

“मी फोन केला होता, दादा. मी विचारलं होतं तुला.”

“फोनवर मी काय सांगतो?” त्याचा आवाज चढला. “काय सांगतो, की मला तेल पाहता येत नाही म्हणून?”

वहिनी दारात येऊन उभी राहिली. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की हातातलं पुस्तक त्याला फेकून मारावं. माझी उरलेली सगळी वर्षं, सगळे रविवार, त्याला एक वाक्य बोलायचं नव्हतं म्हणून गेले. आणि बाटलीभर तेल तर माझ्याच घरी होतं, मोरीशेजारच्या फळीवर. मी रोज ते बघत होते.

मी काही फेकलं नाही. मला घरी जायचं होतं आणि अंधार पडत होता. त्या बाजूला ऑटो मिळत नाही.

“चलो,” दादा म्हणाला आणि किल्ली घेतली.

मी मागे बसले. डावा पाय हातानं उचलून पाय ठेवायच्या फळीवर ठेवला. शाळेत नेताना म्हणायचा तसंच तो म्हणाला, “नीट धर.” मी त्याचा खांदा धरला नाही, मागची दांडी धरली.  गढ्याच्या चढाला लागलो तसा दांडीवरचा हात सुटायला लागला, आणि मला त्याचा खांदा धरावाच लागला.