बोट ठेवून बघ

दिगूला शेवटचं पाहिलं तेव्हा मी एक मूर्खपणा केला. जेसल पार्कातल्या त्याच्या तळमजल्यावरच्या घरात माणसं दाटीवाटीनं बसलेली, सुलभावहिनी भिंतीला टेकलेल्या, आणि मी वाकून त्याच्या कपाळावर एक बोट टेकवलं. हात नाही, तळवा नाही... नुसतं बोट. शेजारच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांचं काय चुकलं? माणसाला असं कुणी तपासत नाही. पण ती खोड मला दिगूनंच लावली होती आणि ती लागायला कारण माझंच शहाणपण होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एकाच बिल्डिंगमधले आम्ही, दिगू कुरियरच्या ऑफिसात, मी बँकेत. चाळिशी दोघांनीही ओलांडलेली. आमच्या शाखेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि मला चार बटणं दाबता येत असल्यामुळे बिल्डिंगभर मी कॉम्प्युटरचा जाणकार समजला जायचो. हा गैरसमज दूर करायला मी कधी बोटही उचललं नाही. एका रविवारी दिगू लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक जुनं, शिकाऊ माणसांसाठीचं किट घेऊन आला. हिरवी पाटी, छोटासा कीपॅड आणि मधोमध गोमेसारखी पायवाली काळी चिप. "हिला शिकवायचं, मग ही पंप चालू-बंद करेल," तो म्हणाला. आमच्याकडे म्युन्सिपाल्टीच्या पाण्याला वेळ नाही. खालच्या टाकीत पाणी आलं की कुणीतरी पंप चालू करायचा, गच्चीवरची टाकी भरली की बंद करायचा. स्विच दिगूच्या दाराबाहेर, म्हणून ही पाळी कायमची तळमजल्याची, म्हणजे वहिनींची. रत्नागिरीला आईकडे गेल्या तरी दुसऱ्याच दिवशी परतीच्या गाडीत. "तिला आठ दिवस आईकडे निवांत राहता आलं पाहिजे. बास, एवढंच," दिगू म्हणाला.

त्याची शिकायची पद्धत सरळ होती. आधी हात लावायचा, पुस्तक मागून. पहिल्या रविवारी एका लाल दिव्यानं उघडझाप करायला हवी होती. चिप मी बसवली, अर्थातच जाणकार म्हणून. दिवा ढिम्म. "प्रोग्रॅम चुकलाय तुझा," मी ठणकावून सांगितलं. बिचारा दिगू दुपारभर प्रोग्रॅम बदलत बसला. शेवटी "बघ, ही इथून ऐकते..." असं समजावताना मी चिपवर बोट ठेवलं आणि किंचाळलो. ती उलटी बसवली होती मी, तापून तव्यासारखी झाली होती. वहिनी आतून हळद घेऊन आल्या. "भावजी, तुम्हाला लावू की कॉम्प्युटरला?" तेव्हापासून दिगूचा नियम झाला. करंट दिला की आधी चिपवर बोट. "गार आहे? मग चालू दे."

असे कितीतरी रविवार गेले. चिप नशिबानं वाचली होती. दिवा जमला, मग दिव्याऐवजी रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर टक् करून मोठा करंट जोडणारा डबीएवढा स्विच. त्याच्यावर आधी घरचा बल्ब, आणि बल्ब नीट वागला तर पंप. टाक्यांत पाणी कळायला तरंगते स्विच सोडले, प्रोग्रॅम शेवटी मी लिहिला आणि कॉलर ताठ करून फिरलो. वहिनींची बॅग भरली. त्या चपला घालत असतानाच लाईट गेली... आणि आली. नेमकं एवढंच आम्ही कधी करून पाहिलं नव्हतं. ही चिप जागी झाली की आधी तिच्या सगळ्या तारा चालू होतात. पंप लागला. टाकी भरत आली की बंद कर, असं मी लिहिलं होतं. ती आधीच भरलेली असेल तर काय, हे लिहायचं राहिलं. थोड्या वेळानं गच्चीवरून वरच्या मजल्यावरचे हसमुखभाई ओरडले, "अरे दिगंबरभाई, ऊपर तो झरना चालू है! मेरी गादी तैर रही है!" वाळत घातलेली गादी आम्ही दोघांनी पिळली. गादी पिळता येत नाही, हेही तेव्हाच शिकलो. खाली आलो तर पंप बंद करून वहिनी चपला काढत होत्या. "राहू दे. आई कुठे पळून जातेय?"

दिगूनं पाटी माझ्यापुढे ठेवली. "साहेब, तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच निस्तरा. मी लाईट घालवतो नि आणतो." पुढचा अख्खा रविवार तो मेन स्विचपाशी उभा. "गेली... आली... बोट ठेव." मग पाटी एका पेटीत घालून स्विचशेजारी ठोकली आणि वहिनी खरंच आठ दिवस जाऊन आल्या. दिगू आमच्याकडे जेवला आणि रोज आमटीला नावं ठेवली.

पेटी पुढे कितीतरी वर्षं चालली. दिगू गेला, त्याचे दिवस झाले आणि ती बंद पडली. ऑफिसातून आलो तर वहिनी स्विचपाशी स्टुलावर. त्यांची आई फार थकलेली, जावयाचं कळूनही येऊ न शकलेली. "मला जायचंय हो भावजी, पण पाणी कोण बघेल?" सोसायटीची कमिटी म्हणाली, नवीन आणू, बघू. मला खरं तर पेटीला हात लावायची इच्छा नव्हती. हल्ली कशालाच हात लावावासा वाटत नाही. तरी रविवारी उघडली. रिले टक् करत होता, पण आतून जळून काळा पडला होता. नवा बसवला. सोल्डरिंगचे डाग चांगले लागले नाहीत, लागले तेवढे लागले. पंपाऐवजी आधी बल्ब लावला, दिगूच्या पद्धतीनं. मग उठलो, मेन स्विच पाडला, चढवला, परत पेटीशी आलो, परत उठलो... दमलो.

वहिनी स्टुलावरून उठल्या. "मी घालवते. तुम्ही बसा." आणि स्विचपाशी उभ्या राहिल्या. "गेली... आली."

बल्ब पेटला नाही. पेटायला नकोच होता, वरची टाकी भरलेली होती. मी चिपवर बोट ठेवलं.

"गार आहे?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं त्या आतून ऐकत होत्या, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"गार आहे."

"मग चालू दे," म्हणाल्या, आणि बॅग भरायला आत गेल्या.