पावडीवरचा पाय आणि आप्पांची काकवी

"पाय हवा असेल तर तोंड आवरा," डॉक्टर म्हणाले.

अंगठ्याची जखम दिवाळीपासून चिघळत होती. मी तिला मागावरचं खरचटणं समजत होतो. युरीन टेस्ट, म्हणजे लघवीची तपासणी झाली आणि नाव कळलं, डायबेटिस. रक्तात साखर साठते, जखम भरत नाही, शेवटी पाय कापावा लागतो. मी शहापूरचा विणकर. मागाच्या खड्ड्यात बसून पावडी दाबायची ती याच पायानं.

गोड बंद, भात बंद, भाकरी मोजून. "आणि काळजी करू नका, काळजीनंही साखर वाढते." म्हणजे बुडणाऱ्याला सांगायचं, भिजू नकोस.

घरी तपासायला काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा मिळाला. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, विटेसारखं लाल झालं तर भरपूर.

रोग परवडला, समाचाराला येणारे नकोत. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटत नाहीत, आणि भरल्या हातात नेमका खव्याचा गोड कुंदा असतो. या दात्यांचे मुकुटमणी म्हणजे माझे स्नेही, उचगावचे आप्पा. स्वतःचं गुऱ्हाळ, पोट घागरीएवढं, अक्कल चिमटीएवढी. काकवीची कळशी ठेवून म्हणाले, "अण्णा, बाधती ती गिरणीची साखर. काकवीनं काय न्हाय व्हत."

"पाय गेला तर?"

"लई भ्याला बघा. मी रोज वाटीभर पितो. मला काय झालंय? जरा तहान लागती, रातीचं सारखं उठाय लागतं, एवढंच."

महिनाभरात इतका आनंद मला झाला नव्हता. मी दिवा पेटवला. "मग काकवीची साक्ष काढू. नळी घ्या, परसात जाऊन या."

आप्पा ऐटीत गेले, ऐटीत आले. नळी उकळली. निळी, हिरवी, पिवळी, आणि मग इरकली लुगड्याच्या पदराला शोभेल अशी लाल.

"औषध नासलंय," आप्पा म्हणाले. मी माझी उकळून दाखवली. हिरवट. आप्पा खाली बसले. हळूच म्हणाले, "अण्णा, माझा पाय ऱ्हाईल न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं होतो.

जखम चैत्रात भरली. पाय पावडीवर आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टरांचे उपकार माना, मीही मानतो. पण धीर त्यांच्या बाटलीत नसतो. त्यासाठी एखादा आप्पा जवळ ठेवा. हा माणूस आता दर बाजाराला कळशीऐवजी नळी घेऊन येतो. मागल्या खेपेला त्याची निळी निघाली, माझी हिरवी. आल्यागेल्याला दाखवत तो गल्लीभर फिरला.

त्या रात्री मी ताटातली अर्धी भाकरी परत ठेवली.