पलीकडचा विस्तव

माल्चीला लोक हट्टी म्हणायचे. म्हणोत बापडे. मी तिच्या शेजारी चाळीस वर्षं खानावळ चालवली, मला विचारा. हट्टी नव्हती ती. तिला एकच गोष्ट हवी होती, बहिणीच्या घरी नावेतून जायचं. एवढं मागणारी बाई हट्टी, तर मग शहाणी कोण?

आमची कोल्पा नदी. पलीकडचे तिलाच कूपा म्हणतात. मध्ये पाणी किती? धोंडा मारला तर पलीकडच्या कोंबड्या उडतील एवढंच. माल्ची मूळची पलीकडची. एकोणिसाव्या वर्षी पाव्लेशी लग्न करून नावेत बसून अलीकडे आली. तेव्हा दोन्ही काठ एकाच देशात होते. धाकटी बारिका मागे आईच्या घरात राहिली, तिथंच तिनं घरजावई आणला. दोघींच्या दारांतून एकमेकींचं धुराडं दिसायचं. कुणाच्या चुली किती वाजता पेटतात हे त्यांना घड्याळाआधी कळायचं.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या शनिवारी पहाटे देवळाबाहेर पाद्री विस्तव पेटवून त्याला आशीर्वाद देतो. झाडाच्या खोडावरची वाळवलेली अळंबी तारेला अडकवायची, त्या विस्तवावर धरायची, आणि धुमसती तशीच फिरवत फिरवत घरी आणायची. त्या विस्तवानं चूल पेटवून सणाचा हॅम शिजवायचा. आमच्या काठावर देऊळ आहे की. पण माल्ची विस्तव आणायची तो पलीकडून, जिथं तिचा बाप्तिस्मा झाला त्या देवळातून. पहाटे नाव घालायची. बारिका काठावर उभीच. दोघी देवळात जायच्या, आईच्या घरात कॉफी घ्यायच्या, मग माल्ची एका हातानं वल्हं मारत, दुसऱ्या हातानं ती तार फिरवत परत यायची. मी ओट्यावरून ओरडायची, "अगं, नाव पेटवशील!" ती म्हणायची, "तुझ्या हॅमला माझ्यासारखी चव येते का बघ, मग बोल." यायची नाही, खरं सांगते.

देश फुटला तेव्हा आम्हाला वाटलं, नकाशावर रेघ आली, येऊ दे. काठी मारल्यानं पाणी तुटतं का? काठावरचे पोलीस आपलेच, बघून न बघितल्यासारखं करायचे. मग आम्ही युरोपीय युनियनमध्ये गेलो, काही वर्षांनी आमच्याकडची तपासणी कडक झाली. कारण म्हणे आता आमची नदी म्हणजे सगळ्या युरोपाचं कुंपण. जायचं तर पुलावरून जा, ओळखपत्र दाखवा. पूल तीन गावं खाली. अळंबी घेऊन बसमध्ये चढू देतो का कुणी? ड्रायव्हरनं तिला एकदा उतरवलं. धुरानं बस भरली होती, त्याचंही काय चुकलं. त्या वर्षी तिनं लायटरनं चूल पेटवली आणि हॅमला हातही लावला नाही.

मग दोन हजार तेरा साली पलीकडचेही युनियनमध्ये आले. काय बँड वाजला तिकडे! निळे झेंडे, फटाके, आमचा लोय्झ म्हणाला, "झालं बघ, आता दोन्ही काठ एका घरात." माझ्या नवऱ्याचं हे असं, कळो न कळो, निकाल आधी देतो. माल्चीनं त्याचं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी अक्रोड भरलेली पोतित्सा भाजली, नवा रुमाल बांधला, आणि भर दुपारी नाव पाण्यात घातली. अगदी राणीसारखी गेली हो. संध्याकाळी परत आली तर काठावर दोन पोलीस.

"आजी, हे काय?"

"काय म्हणजे? बहिणीकडे गेले होते. कालपासून आपण सगळे एक झालो ना?"

त्यातला तरुण होता तो बिचारा लाजला. म्हणाला, "आजी, युनियन एक झाली. पण तपासणी उठली नाही. ते लोक युनियनमध्ये आहेत, पण त्या भागात नाहीत."

"कुठल्या भागात?"

तो डोकं खाजवत राहिला. मीच पुढे झाले. "अगं, एका घरात आलेत ते, पण ओसरीवर. माजघरात यायला अजून वेळ आहे. आपल्याकडे युरो, त्यांच्याकडे कुना, तसंच हे. ज्याला जेवढं झेपेल आणि ज्याला जेवढं देतील, तेवढंच."

माल्चीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच ते कलम लिहिलं होतं. "माझ्या सख्ख्या बहिणीला ओसरीवर बसवणारे हे कोण?" म्हणाली. पोलिसांनी नावेला साखळी घातली आणि कुलूप लावून गेले.

खरी आग लागली ती पंधरा सालच्या थंडीत. युद्धातून पळून येणाऱ्या माणसांना अडवायचं म्हणून आमच्या काठावर तारेचं कुंपण घातलं. पात्यांची तार, बोट लावलं तर रक्त. कोण आलं होतं आमच्या गावात? कुणी नाही. एक हरणी मात्र अडकून मेली, तिला सोडवताना लोय्झचे हात फाटले. माल्चीच्या दारातून आता धुराडं दिसायचं ते तारेच्या वेटोळ्यांतून.

पुढच्या ईस्टरला बारिका स्वतः आली. भित्री बाई ती, कोंबडी कापायलाही शेजाऱ्याला बोलवायची. पण त्याच शेजाऱ्याला नावेसकट घेऊन, विस्तव घेऊन, पहाटे आमच्या काठाखालच्या गोट्यांवर उतरली. कुंपणाच्या त्या बाजूला ती, या बाजूला माल्ची. "घे माल्च, घे लवकर," म्हणत तिनं काठीला तार बांधून ती धुमसती अळंबी वेटोळ्यांतून आत सरकवली. माल्चीची बोटं पोचणार, तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून भोंगा ओरडला. पोलीस धावत खाली यायला लागले. बारिकाची बाही तारेत अडकलेली.

माल्ची किंचाळली, "परत जा बारिका! पकडतील! मागं वळून बघू नकोस, जा!"

बारिकानं बाही फाडली, पळाली, गोट्यावरून घसरली आणि मार्चच्या त्या पाण्यात कमरेपर्यंत पडली. विस्तव विझला. शेजाऱ्यानं तिला नावेत ओढलं. ती थरथरत गेली, आणि माल्ची तारेशी उभी राहून ओरडत होती, "जा, जा, जा." मी तिला धरून आणलं. तिच्या तळहातात पाती रुतली होती, तिला कळलंच नव्हतं. मला आजही त्या पोलिसांना शिव्या द्याव्याशा वाटतात, आणि ते तर नुसते हुकमाचे ताबेदार.

त्यानंतर बारिका काठावर आली नाही. माल्चीलाच तिचा जावई पुलावरून वर्षातून एकदोनदा बारिकाकडे न्यायचा. मग साथ आली, लहानमोठी सगळी नाकी बंद झाली. साथ सरली तर मुलगी-जावई कामाला ऑस्ट्रियात गेले. फोनवर बारिका कमी कमी बोलायला लागली. तिची सून नेवेन्का एकदा हळूच म्हणाली, "मावशी, त्या विसरतात हल्ली." माल्ची म्हणाली, "विसरू दे. मी गेले की आठवेल."

तेवीस सालच्या पहिल्या तारखेला पलीकडच्यांना माजघर उघडलं. तपासणी उठली, युरोही आला, सगळं एकदम. वरातीमागून घोडं! माल्चीचा खुबा डिसेंबरातच मोडलेला. ती इस्पितळात पडल्या पडल्या मला सांगत होती, "झिंका, नावेला डांबर लावून ठेव. ईस्टरला उठते मी." ट्रक आले, कुंपण गुंडाळून घेऊन गेले. लोय्झनं साखळी कापली. आणि ती उठली, काठी टेकत का होईना, उठली.

वल्हं मी मारलं. माल्ची समोर बसली होती, मांडीवर वाळकी अळंबी, चेहऱ्यावर लग्नातल्यासारखं तेज. देवळाबाहेर विस्तव घेतला. आईच्या घराच्या वाटेनं ती पुढे, तार फिरवत, मी मागे. बारिका दारातच होती. केवढीशी झाली होती! तिनं माल्चीला बघितलं, धुमसती अळंबी बघितली, आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"माल्च! परत जा! पकडतील! मागं वळून बघू नकोस, जा!"

"अगं बारिका, कुंपण गेलं, बघ तरी..."

"जा म्हणते ना!" आणि त्या काटकुळ्या हातांनी तिनं बहिणीला उंबऱ्यावरून ढकललं, दार लावलं, आतून कडी घातली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. सगळं विसरलेल्या त्या बाईला तेवढी एक पहाट आठवत होती, आणि शब्द अगदी माल्चीचेच. माल्चीनं ते ओळखले. ती पायरीवर बसली. म्हणाली, "माझंच मला परत दिलं गं तिनं." अळंबी तिथंच विझली.

परतताना नाव काठापासून दोन वल्ह्यांवर आली असेल, तर मागून हाक. "माल्च! हॅम शिजायला घातलास का?" बघते तर बारिका काठावर, हसतेय, कमरेला एप्रन बांधलेला. नाव पाण्यावर आहे तोवर तिला भीती नव्हती. मी वल्हं चिखलात रोवलं. दोघी बोलल्या, कोंबड्यांचं, आईचं, कुणाच्या लग्नातल्या भांडणाचं. माल्ची उतरायला उठली की बारिकाचा चेहरा बदलायचा, म्हणून ती परत बसली.

मग तो सगळा उन्हाळा असाच गेला. रोज सकाळी माल्ची नावेत, बारिका काठावर, मध्ये हात पोचणार नाही एवढं पाणी. होड्या भाड्यानं घेणारे पर्यटक फोटो काढायचे, मी त्यांना हाकलायची. शरदात आमच्या सरकारनं मोठ्या नाक्यांवर पुन्हा पोलीस उभे केले. तात्पुरतं म्हणे. लोय्झ म्हणाला, "बघ, बारिका काही वेडी नाही." पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला पटलं, आणि नको इतकं पटलं.

नव्या वाइनच्या सणाला बारिका अंथरुणाला खिळली. माल्ची आत गेली. बारिकाला हात उचलवत नव्हता, तरी तिनं बोटं हलवली, जा, जा. श्वास लागायला लागला तिला भीतीनं. नेवेन्का म्हणाली, "मावशी, बाहेरून बोला ना." तशी माल्ची अंगणात, खिडकीबाहेर, थंडीत उभी राहून बोलत राहिली. बारिका शांत झाली. तिचा हात धरायला सून होती. सख्खी बहीण खिडकीबाहेर. ती गेली हे माल्चीला आतल्या रडण्यावरून कळलं.

बारिकाला पुरल्यावर नेवेन्कानं माल्चीसाठी तिच्या आईच्या खोलीत गादी घातली. मी म्हटलं, "माल्ची, रहा आजची रात्र. तुझा जन्म याच खोलीतला. आता कोण विचारतंय?"

ती काठी टेकत उठली, नावेच्या वाटेला लागली.

"नको गं झिंका," म्हणाली. "बारिका घाबरेल."